घरची माणसे आणि स्किझोफ्रेनिया

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मानिक चौक, झाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर इतिहास, साहित्य अथवा संगीत यांवर बोलावे असा प्रघात आहे. आपल्या कार्यकारिणीने मात्र मला एका आजारावर बोलण्याची आज्ञा केली. तोही असा आजार, की ज्याचे नाव घरात काढताना दार लोटून घेतले जाते. मंगल प्रसंगी असा विषय कशासाठी, असे काहींच्या मनात येईल. परंतु पन्नास वर्षे टिकलेल्या मंडळाने आता आपल्या घराघरांतील अबोल दुःखाकडेही पाहावे, ही मला प्रौढपणाची खूण वाटते. या निवडीबद्दल मी कार्यकारिणीचे मनःपूर्वक अभिनंदन करतो.

झाशीत मराठी माणूस नवखा नाही. अठराव्या शतकात नेवाळकरांच्या सुभेदारीबरोबर आलेली घराणी येथे रुजली. १८४२ साली ज्या गणेशमंदिरात गंगाधरराव व लक्ष्मीबाई यांचा विवाह झाला, ते मंदिर आजही आपल्या येण्याजाण्याचे ठिकाण आहे. पुढे जी. आय. पी. रेल्वे आली, कारखाना आला आणि नोकरीच्या निमित्ताने आणखी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. आपण बुंदेलखंडाचे झालो. पण अडीअडचणीला धावून येणारे काका, मावशी, आत्या, मामा मात्र पुण्याला, नागपूरला, सांगलीला राहिले. सणावाराला ही उणीव भासते, पण ती निभावून जाते. घरातला तरुण मुलगा एकाएकी बोलेनासा होतो, रात्ररात्र येरझारा घालतो, भिंतीपलीकडून कोणीतरी आपल्याविरुद्ध कट रचीत आहे असे सांगू लागतो, तेव्हा ही उणीव सोसवत नाही. म्हणून आजचा विषय सर्वच घरांचा असला, तरी गावापासून दूर राहणाऱ्या घरांचा तो अधिक आहे.

प्रथम आजाराविषयी थोडेसे. स्किझोफ्रेनिया हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये योजले. मराठीत त्यास छिन्नमनस्कता किंवा दुभंग मन असे म्हणतात. या शब्दांनी एक गैरसमज मात्र पसरला, की अशा माणसाच्या ठायी दोन व्यक्ती वास करतात. तसे काही नसते. विचार, भावना आणि कृती यांची एकमेकांशी असलेली सांगड येथे सुटते. जे नाही ते ऐकू येते. जे घडत नाही ते घडत आहे अशी पक्की खात्री वाटते. ही झाली दिसणारी लक्षणे. न दिसणारी लक्षणे अधिक कठीण असतात. उत्साह आटतो, बोलणे कमी होते, आंघोळ, कपडे, जेवण यांतले लक्ष उडते, माणसे नकोशी होतात. शेजारीपाजारी याला आळस म्हणतात, आणि दुर्दैवाने घरचेही तसेच म्हणतात. वस्तुतः मधुमेहाच्या रोग्याला साखर वाढवल्याबद्दल कोणी रागे भरत नाही. तसेच यालाही मंदपणाबद्दल रागे भरता येणार नाही.

हा आजार बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर येतो. पुरुषांत साधारण विशीच्या आसपास, स्त्रियांत काही वर्षे उशिरा. म्हणजे पदवीच्या परीक्षेच्या, नोकरीच्या, लग्नाच्या दिवसांत. आईबापांची सारी स्वप्ने ज्या वयाशी बांधलेली असतात, त्याच वयात तो दार ठोठावतो. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे, परंतु ती सर्वस्व नव्हे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही. सुमारे निम्म्या जोड्यांत तो होत नाही. गांजा आणि भांग यांच्या सततच्या सेवनाने, विशेषतः कोवळ्या वयात, हा धोका वाढतो हेही आता सिद्ध झाले आहे. आपल्या भागात होळीची भांग ही गमतीची बाब समजली जाते. ज्या घरात हा आजार आहे, त्या घराने तरी ती गंमत टाळावी.

आता कुटुंबाकडे वळू. या आजाराच्या इतिहासात घरच्या माणसांवर मोठा अन्याय झाला आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या विदुषीने असा विचार मांडला, की आईच्या विशिष्ट वागण्यातून मुलांत हा विकार उद्भवतो. पुढची काही दशके पाश्चात्त्य देशांतील कित्येक माता हा आरोप डोक्यावर घेऊन जगल्या. मुलाच्या आजाराचे दुःख थोडे होते म्हणून की काय, त्यावर अपराधाचे ओझे चढले. हा सिद्धान्त पुराव्याअभावी केव्हाच मागे पडला. आपल्याकडे तो पुस्तकांतून आला नाही, तर स्वयंपाकघरांतून आला. ‘आईने फार लाडावला’, ‘वडिलांनी फार मारले’, ‘सुनेचा पायगुण वाईट’ हीच त्याची देशी रूपे. या सभेत कोणी अशी आई, असे वडील किंवा अशी पत्नी बसली असेल, तर त्यांना मी शास्त्राच्या आधाराने सांगतो, की हा आजार आपण दिलेला नाही.

आजार कुटुंबाने दिलेला नसला, तरी आजाराची पुढची वाटचाल कशी होईल यावर घरातल्या वातावरणाचा परिणाम होतो. ही दोन विधाने वेगळी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पुन्हा आईबाप आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात. म्हणून हा शोध कसा लागला ते सांगतो. जॉर्ज ब्राउन या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दीर्घकाळ इस्पितळात राहून सुटलेल्या पुरुषांचा मागोवा घेतला. आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांत आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले. हा निष्कर्ष चक्रावून टाकणारा होता. मायेच्या घरात माणूस अधिक आजारी का पडावा? ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांत जाऊन बोलणे ऐकले, शब्दांबरोबर आवाजाचा सूरही टिपला. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या: सतत टीका, उघड तिटकारा आणि अति गुंतणूक. १९७२ च्या त्यांच्या अभ्यासात, जेथे या गोष्टी तीव्र होत्या त्या घरांतील ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. जेथे त्या सौम्य होत्या तेथे हेच प्रमाण १६ टक्के होते.

तिसऱ्या गोष्टीकडे आपण विशेष लक्ष द्यावे. टीका व तिटकारा वाईट, हे कोणीही मान्य करील. पण अति गुंतणूक? मुलाला भरवणे, त्याच्या खोलीत झोपणे, त्याच्यासाठी स्वतःचे आयुष्य पणाला लावणे, याला आपल्याकडे मातृप्रेम म्हणतात आणि त्यावर अश्रू ढाळतात. अशी माया करू नका असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या मायेत मुलाला स्वतःचे असे काहीच उरत नाही, ती त्याचा श्वास कोंडते; आणि आईही दोनतीन वर्षांत मोडून पडते.

मग आपली भारतीय घरे कशी आहेत? या प्रश्नाचे उत्तर आपल्या जवळच्याच गावांतून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्किझोफ्रेनियाचा जो आंतरराष्ट्रीय अभ्यास आरंभला, त्यातील नऊ केंद्रांपैकी एक होते आग्रा. १८५९ साली स्थापन झालेल्या तेथील मनोरुग्णालयात डॉ. के. सी. दुबे यांच्या नेतृत्वाखाली हे काम झाले. लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन अशी बलाढ्य केंद्रे एका बाजूला आणि आग्रा दुसऱ्या बाजूला. दोन वर्षांनी रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा आग्रा व नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची प्रगती अधिक अनुकूल आढळली. पुढे चंदीगडला डॉ. एन. एन. विग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राउन यांच्या पद्धतीने घरे तपासली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, तीव्र भावना व्यक्त करणारी घरे चंदीगडकडे सुमारे पाव होती, तर लंडनमध्ये जवळजवळ निम्मी. आणि खेड्यांत हे प्रमाण शहरापेक्षाही कमी होते.

हे ऐकून छाती फुगू नये, यासाठी लगेच दोन गोष्टी सांगतो. आग्र्याच्या निष्कर्षांवर पुढे अभ्यासकांनी वादही घातले. आणि मुख्य म्हणजे ती घरे साठ-सत्तरच्या दशकांतील होती. त्यांत आजीआजोबा होते, चुलते होते, शेत होते. मंद झालेल्या मुलाला गुरांमागे जाण्याचे किंवा दुकानात वजने मांडण्याचे काम मिळत होते आणि त्याच्याकडे एकटक पाहणारे डोळे एकाच व्यक्तीचे नव्हते. आज आपल्या घरी तीन माणसे: निवृत्त वडील, थकलेली आई आणि आजारी मुलगा. मुलीने बंगळूरला किंवा परदेशात संसार थाटलेला. चोवीस तास एकमेकांच्या समोर. इंग्रज संशोधकांनी आठवड्याला पस्तीस तासांहून अधिक समोरासमोरचा सहवास हा धोक्याचा मानला होता. आपल्या सदनिकेत तो दोन-तीन दिवसांतच भरतो. म्हणजे भारतीय कुटुंबाची जी शक्ती होती ती आपोआप आपल्यापाशी राहिलेली नाही. ती आता प्रयत्नाने उभी करावी लागेल.

असे प्रयत्न आपल्या देशात झालेले आहेत. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन रुग्णासोबत राहावयास लावले. नातेवाईक शुश्रूषा शिकत, परस्परांशी बोलत, आणि माणूस घरी परते तेव्हा घरही तयार झालेले असे. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही कुटुंबासह राहण्याची पद्धत रुजली. ज्या काळी पाश्चात्त्य देशांत आप्तांना भेटीच्या वेळेपुरते आत घेत, त्या काळी आपल्याकडे त्यांना उपचारकाचा मान मिळाला, याचा आपण रास्त अभिमान बाळगावा. बंगळूरच्या शैला पै व डॉ. आर. एल. कपूर यांनी १९८१ मध्ये कुटुंबावरील ओझे मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. पैसा, दिनक्रम, विरंगुळा, आपसातील संबंध आणि घरच्यांचे स्वतःचे आरोग्य या सर्वांवर आजार किती भार टाकतो, हे तीत विचारले जाते. ओझे मोजता येते म्हणजेच ते खरे आहे, ही गोष्ट त्या प्रश्नावलीने मान्य केली.

मराठी माणसांनीही या कामात मोलाची भर घातली आहे, आणि परदेशी गेलेल्या मराठी माणसाने तर विशेष. धुळे जिल्ह्यातून कॅनडात गेलेले डॉ. जगन्नाथ वाणी कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परक्या देशात, परक्या हवेत त्यांनी हे दुःख दारामागे ठेवले नाही. १९९७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. रुग्णांचे आप्त एकत्र येऊन बोलतात, एकमेकांना ऐकतात आणि रुग्णांसाठी दिवसभराचा उपक्रम चालवतात, ही त्या संस्थेची रीत. २००४ मध्ये ‘देवराई’ हा चित्रपट आला, त्यामागेही वाणी यांचाच ध्यास होता. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या दिग्दर्शनाखाली अतुल कुलकर्णी यांनी आजारी शेष आणि सोनाली कुलकर्णी यांनी त्याची बहीण सीना साकारली. त्या चित्रपटाचा अर्धा भार बहिणीवर आहे. सासर आणि आजारी भाऊ यांच्यामध्ये तिची जी ओढाताण होते, ती पाहिलेल्यांना मी वेगळे काही सांगावयास नको. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेचा ‘त्रिदल’ हा गटही याच वाटेने चालणारा. रुग्ण, आप्त व उपचारक ही त्याची तीन दले.

गावातला साधा कार्यकर्ता या कामी येऊ शकतो का, याचीही परीक्षा झाली आहे. गोवा, सातारा आणि तामिळनाडूतील कांचीपुरम या तीन ठिकाणी २८२ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. काही रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. इतरांना त्याखेरीज प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते वर्षभर घरी भेटले. त्यांनी औषधांची आठवण दिली, घरच्यांना आजार समजावला, कामाची सवय लावली. निकाल चमत्काराचा नव्हता. अपंगत्व किंचित कमी झाले आणि फरक सर्वांत स्पष्ट दिसला तो कांचीपुरमच्या ग्रामीण भागात. परंतु तज्ज्ञ नसलेला, पण शिकवलेला माणूस हे काम सुरक्षितपणे करू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. मला त्यातले ‘शिकवलेला’ हे विशेषण महत्त्वाचे वाटते. प्रेम असतेच, शिकवावे लागते ते कौशल्य.

मग घरच्यांनी नेमके काय करावे? अनुभवाने ठरलेली काही सूत्रे सांगतो.

पहिले सूत्र औषधाचे. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कुलूपबंद जगणे बदलले. आजची औषधे त्याहून पुढची आहेत. पण बरे वाटताच गोळ्या थांबवणे हेच आजार उलटण्याचे सर्वांत मोठे कारण राहिले आहे. गोळ्यांनी हात थरथरतात, अंग जड होते, झोप येते, वजन वाढते. रुग्ण नाकारतो तेव्हा बहुधा यामुळेच, हट्टामुळे नव्हे. म्हणून ‘घे म्हणजे घे’ असे म्हणण्यापेक्षा ‘काय त्रास होतो ते मला सांग, आपण दोघे डॉक्टरांना सांगू’ असे म्हणावे. मात्रा बदलता येते, औषध बदलता येते, रोजच्या गोळीऐवजी महिन्याकाठी इंजेक्शनही देता येते. जेवणात लपवून औषध घालणे मात्र टाळावे. विश्वास एकदा गेला की जेवणावरचाही संशय सुरू होतो.

दुसरे सूत्र बोलण्याचे. मनात आलेल्या शंकांशी वाद घालू नये आणि त्यांना होकारही भरू नये. ‘तुला आवाज ऐकू येतो आणि त्याची भीती वाटते, हे मला दिसते, मला मात्र तो ऐकू येत नाही’, एवढे शांतपणे सांगावे. वाक्ये छोटी असावीत. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. ‘कधी सुधारणार आहेस?’ याऐवजी ‘आज चहाचे कप धुशील का?’ असे विचारावे. धुतले तर शाबासकी द्यावी, न धुतले तर उद्या पुन्हा विचारावे. खोली त्याची स्वतःची असावी, दार ठोठावून आत जावे. त्याला काही तास एकटे राहू द्यावे, आणि आपणही काही तास घराबाहेर जावे. ब्राउन यांच्या निष्कर्षांचा व्यावहारिक अर्थ एवढाच आहे.

तिसरे सूत्र धोक्याच्या खुणांचे. आजार एकाएकी उलटत नाही, आधी चाहूल देतो. झोप उडते, पुटपुट वाढते, जेवण टाळले जाते, खिडकी बंद होते, सिगारेटी वाढतात. प्रत्येकाची खूण वेगळी. म्हणून घरात एक वही असावी. तिच्यात तारीख, औषध, झोप आणि काय वेगळे दिसले ते लिहावे. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत ही वही तासभराचे काम करते. मरणाची भाषा आली, तर ती कधीही पोकळ समजू नये. या आजारात आत्मघाताचा धोका खरोखरच मोठा असतो. अशा वेळी एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. शरीरही विसरू नये. या रुग्णांचे आयुष्य सर्वसामान्यांपेक्षा कितीतरी वर्षांनी कमी होते, आणि त्याचे मोठे कारण हृदयविकार आहे. रक्तदाब, साखर, तंबाखू यांकडे आईने नेहमीच्या काळजीने पाहावे.

चौथे सूत्र देवाधर्माचे. जत्रेला जावे, दर्शन घ्यावे. मनाला बळ मिळते. पण गोळ्यांची डबी बरोबर न्यावी. तामिळनाडूतील एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका निवासात आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण बाहेर पडू न शकल्याने दगावले. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मात्र ‘दवा आणि दुआ’ अशा जोडीने उपचार चालवण्याचा चांगला पायंडा पडला. श्रद्धा आणि औषध एकत्र नांदू शकतात. श्रद्धा आणि बेडी नांदू शकत नाहीत.

पाचवे सूत्र लग्नाचे, आणि येथे मी कठोर बोलणार आहे. ‘लग्न केले की बरा होईल’ हे वाक्य आपल्या समाजातून हद्दपार झाले पाहिजे. आजार लपवून केलेल्या लग्नात एकाऐवजी दोन आयुष्ये उद्ध्वस्त होतात. फसवणुकीने संमती मिळवली असेल, तर असा विवाह न्यायालयात रद्दही होऊ शकतो. मुलगी आजारी असेल तर तिचे हाल अधिक. नवऱ्याने टाकलेली, माहेरी परत आलेली, भावाच्या संसारात अडगळ झालेली अशी स्त्री चेन्नईच्या डॉ. थारा यांच्या अभ्यासात ठळकपणे समोर आली आहे. आजार स्थिर असेल, दोन्ही पक्षांना सर्व ठाऊक असेल आणि त्यांनी विचारपूर्वक ठरवले असेल, तर लग्न अवश्य व्हावे. उपाय म्हणून मात्र कदापि नव्हे.

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो प्रत्येक आईवडिलांना रात्री जागे ठेवतो: आमच्यामागे काय? याची उत्तरे अपुरी आहेत, पण नाहीतच असे नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने मानसिक आजाराला अपंगत्वांत स्थान दिले आहे. त्याचे प्रमाणपत्र मिळवून ठेवावे. कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, रुग्णाला आपला प्रतिनिधी नेमण्याचा आणि पुढील उपचारांबद्दल आगाऊ सूचना लिहून ठेवण्याचा हक्क दिला; साखळदंडाने बांधण्यास मनाई केली. झाशीत रेल्वेच्या निवृत्तिवेतनावर जगणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मानसिक आजारामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या मुलामुलीला आईवडिलांच्या पश्चात आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. आपल्या हयातीतच त्याचे नाव कागदोपत्री चढवून घ्यावे. मागाहून आजारी माणसाने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणे कठीण असते. मृत्युपत्र करावे. भाऊबहिणींशी मोकळेपणाने बोलावे आणि वचन घ्यावयाचे ते प्रेमाने घ्यावे, शपथेने नव्हे.

उपचारांसाठी दूर जावे लागते अशीही स्थिती नाही. १९६८ मध्ये स्थापन झालेले महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच गावात आहे. ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाला आणि आग्र्याची संस्था रेल्वेने काही तासांवर आहेत. या दोन्ही संस्थांची पूर्वीची दुरवस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, आणि १९९७ मध्ये न्यायालयाने त्यांवर देखरेख करण्याचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवले. तेव्हापासून त्यांचे रूप बदलू लागले. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही दूरध्वनिसेवा सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक प्रत्येकाने टिपून ठेवावा.

शेवटी मंडळाविषयी. मघाशी सांगितले, की भारतीय कुटुंबाची शक्ती अनेक माणसांत होती, आणि ती माणसे आज आपल्यापाशी नाहीत. मग ती कोठून आणावयाची? मला वाटते, येथून. गणेशोत्सवाला मंडप उभा करणारे, कोणाच्या घरी मृत्यू झाला तर रात्री धावणारे आपण, या दुःखात का मागे राहावे? मंडळाने महिन्यातून एक संध्याकाळ रुग्णांच्या आप्तांसाठी राखून ठेवावी. नियम तीनच असावेत. येथे ऐकलेले येथेच राहील. कोणी कोणाला दोष देणार नाही. कोणीही कोणाचे औषध बदलणार नाही. वर्षातून दोनतीनदा डॉक्टरांना बोलवावे. बोलणे सुरू झाले की पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतील. कोणी म्हणेल, ‘वैनी, तुम्ही आज दर्शनाला जाऊन या, मी तुमच्या मुलापाशी बसतो.’ त्या दोन तासांत आईची दमलेली माया ताजीतवानी होऊन येते, आणि मुलालाही दुसरा चेहरा दिसतो. शास्त्र याहून फार वेगळे काही सांगत नाही.

आणखी एक. या संध्याकाळी रुग्णालाही बोलवावे. त्याच्याविषयी बोलावे तसे त्याच्याशीही बोलावे. ज्याला बरे वाटत असेल त्याला खुर्च्या मांडण्याचे, पोथी वाचण्याचे, हिशेब ठेवण्याचे काम द्यावे. मंडळाच्या स्मरणिकेत जाहिरातदारांची नावे छापतात. उत्सवाच्या स्वयंसेवकांच्या यादीत त्याचे नाव छापले गेले, तर त्याच्या वडिलांना त्याचे मोल अधिक वाटेल.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापले, त्यांनी परमुलखात मराठी माणसाला आपले म्हणता येईल अशी जागा दिली. ज्या घरात हा आजार आहे ते घर आज आपल्यातच राहूनही परमुलखात आहे. त्यालाही तशी जागा देणे हेच पुढल्या पन्नास वर्षांचे पहिले काम ठरावे, अशी विनंती करतो.